निळीचे पिंप आणि क्षपण

सोलापुरात १८७७ साली पहिली कापड गिरणी निघाली, तेव्हा निळा रंग नीळ या झुडपापासून मिळत असे. नीळ पाण्यात विरघळत नाही. म्हणून रंगारी ती चुना व गूळ घालून रांजणात आंबवीत. जंतूंमुळे तिचे क्षपण होई आणि द्रावण पिवळसर दिसे. त्यातून बाहेर काढलेले सूत हवेतील ऑक्सिजनने डोळ्यांदेखत निळे पडे. (वर्गात दाखवण्याजोगे याहून चांगले ऑक्सिडीकरण मला ठाऊक नाही.)

१८८३ मध्ये बायर यांनी निळीच्या रेणूची रचना उलगडली. १८९७ मध्ये जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि बिहारमधील निळीची शेती कोसळू लागली. रेणू मात्र तोच, त्यामुळे अडचणही तीच. गुळाऐवजी सोडियम हायड्रोसल्फाइट आले. रंगारी त्याला नुसते ‘हायड्रो’ म्हणतात. त्याचा एक रेणू दोन इलेक्ट्रॉन देतो आणि निळीच्या एका रेणूला दोनच लागतात. रेणुभार अनुक्रमे १७४ व २६२. म्हणजे १०० ग्रॅम निळीस सुमारे ६६ ग्रॅम हायड्रो. विद्यार्थी येथे थांबतो. रंगारी मात्र याहून जास्त टाकतो, कारण पिंपावरची हवाही हायड्रो खात असते. तेव्हा उदाहरण घालताना पिंप उघडे की झाकलेले, हेही सांगावे.