विंचेस्टर

हार्ड डिस्कला एकेकाळी ‘विंचेस्टर’ म्हणत. नाव बंदुकीचे, आणि तेही थट्टेतून चिकटलेले.

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे आयबीएमचे अभियंते नवी डिस्क बनवत होते. आराखड्यात ३० मेगाबाइटच्या दोन तबकड्या-संचांची जोडी होती. प्रकल्पप्रमुख केनेथ हॉटन म्हणाले, थर्टी-थर्टी असेल तर ती विंचेस्टरच. ‘थर्टी-थर्टी’ हे विंचेस्टर रायफलीच्या प्रसिद्ध काडतुसाचे नाव. १९७३ साली आयबीएम ३३४० बाजारात आली तेव्हा आकडे बदलून ३५ आणि ७० मेगाबाइट झाले होते. टोपणनाव मात्र हलले नाही. (अभियंत्यांचे विनोद सहसा इतके टिकत नाहीत.)

यंत्रातली खरी करामत वेगळीच. तबकड्या आणि त्या वाचणारी टोके एकाच बंद डब्यात आली, त्यामुळे धूळ बाहेर राहिली. टोक फिरत्या तबकडीवर हवेच्या पातळ थरावर तरंगे आणि यंत्र थांबले की वंगण लावलेल्या पृष्ठभागावरच उतरे. ही रचना पुढे सर्वांनी उचलली, म्हणून नावही जातिवाचक झाले.

रायफलीचे नाव कारखानदार ऑलिव्हर विंचेस्टर यांचे आणि आडनाव इंग्लंडातल्या गावाचे. त्यातल्या ‘चेस्टर’च्या मुळाशी लॅटिन ‘कास्त्रा’, म्हणजे रोमन सैन्याची छावणी.

आज सर्व्हरमध्ये तबकडीविना चालणाऱ्या फ्लॅश चिप्सची चलती आहे. रशियनमध्ये मात्र हार्ड डिस्क अजून ‘विंचेस्तर’च, बोलण्यात नुसती ‘विंत’. विंत म्हणजे स्क्रू. आणि रायफलीला रशियन शब्द आहे ‘विंतोव्का’, त्याच स्क्रूवरून आलेला.