उकिडवा बसणारा मुलगा

परवा माझा एक जुना विद्यार्थी येऊन गेला. नाव मुद्दामच लिहीत नाही. 1994 साली तो माझ्या सहावीच्या वर्गात होता. मधल्या सुट्टीत धावता धावता मैदानातच उकिडवा बसायचा. ओठ आणि नखं जांभळट. एकदा मी त्याच्यावर ओरडलेसुद्धा, "ऊठ रे, असा काय बसतोस!"

नंतर कळलं, त्याच्या हृदयात जन्मापासून दोष होता. डॉक्टर त्याला 'टेट्रालॉजी ऑफ फॅलो' म्हणतात. हृदयात भोक आणि फुफ्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. उकिडवं बसलं की पायांकडे जाणारं रक्त अडतं आणि जास्त रक्त फुफ्फुसाकडे वळतं. ही युक्ती त्या मुलांना कुणी शिकवत नाही, त्यांना ती आपोआप सापडते. आणि मी त्याला उठवत होते!

1995 साली मुंबईला त्याचं ऑपरेशन झालं. आईने शाळेत पेढे वाटले. आम्हा सगळ्यांना वाटलं, संपलं एकदाचं.

या दुखण्याचा इतिहास मी अलीकडेच वाचून काढला. 1944 सालापर्यंत अशा 'निळ्या' मुलांना काही उपायच नव्हता. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये हेलन टॉसिग नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांना ऐकू कमी येई, म्हणून त्या मुलांच्या छातीवर बोटं ठेवून ठोके समजून घ्यायच्या. फुफ्फुसाला जास्त रक्त मिळालं तर मुलं जगतील, ही कल्पना त्यांची. आल्फ्रेड ब्लॅलॉक हे सर्जन. आणि ते ऑपरेशन आधी कुत्र्यांवर करून बसवलं ते व्हिव्हियन थॉमस यांनी. हा कृष्णवर्णीय माणूस, डॉक्टरीची पदवी नाही. 29 नोव्हेंबर 1944 रोजी 15 महिन्यांच्या एका मुलीवर पहिलं ऑपरेशन झालं, तेव्हा थॉमस ब्लॅलॉकच्या मागे उभे राहून सूचना देत होते. ती मुलगी पुढे काही महिनेच जगली, पण वाट सापडली. 1954 साली मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी हा दोष आतून दुरुस्त करून दाखवला.

मुलं वाचली, म्हणजे मोठी झाली. आणि इथेच नवा प्रश्न उभा राहिला. मुलांच्या डॉक्टरांकडे मिशा फुटलेले रोगी बसू लागले आणि मोठ्यांच्या डॉक्टरांना हा जन्मजात आजार फारसा ठाऊक नव्हता. टॉसिगबाई 1963 साली निवृत्त झाल्या, तरी आपल्या जुन्या रोग्यांचं पुढे काय झालं याचा अभ्यास त्या करत राहिल्या. लंडनमध्ये जेन सॉमरव्हिल यांनी 1975 साली अशा मोठ्या झालेल्या मुलांसाठी वेगळा वॉर्डच काढला. 1989 साली अमेरिकेचे सर्जन जनरल कूप यांनी खास या प्रश्नावर परिषद बोलावली. 2002 साली तिथल्या डॉक्टरांच्या संघटनांनी मिळून सांगितलं की, मूल चौदा वर्षांचं होईपर्यंत पुढच्या उपचारांची लेखी योजना तयार हवी, आणि ती त्या मुलाला बरोबर घेऊन केलेली हवी. आज पुढारलेल्या देशांत जन्मजात हृदयदोष असलेल्यांत मुलांपेक्षा मोठी माणसंच जास्त आहेत.

माझ्या विद्यार्थ्याची अशी योजना कुणीच केली नव्हती. अठराव्या वर्षी मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता मोठ्यांकडे दाखवा. कुणाकडे, ते सांगितलं नाही. तो शिकायला पुण्याला गेला, फाईल आईच्या कपाटात राहिली. 2018 साली ऑफिसात छाती धडधडून तो खाली बसला. डॉक्टरांनी विचारलं, ऑपरेशन कसलं झालंय? हा म्हणाला, "आईला माहीत होतं." आई तोवर गेली होती.

फुफ्फुसाकडच्या वाटेवरची झडप इतकी वर्षं गळत होती आणि हृदयाची उजवी बाजू फुगली होती. या ऑपरेशननंतर असं होऊ शकतं, म्हणूनच जन्मभर तपासणी लागते. ती झडप बदलली. आता तो बरा आहे.

"माझ्या आजाराबद्दल मला कुणी काही विचारलंच नाही, बाई," तो हसत म्हणाला. तो हसला, पण मला लागलं. कारण विचारणाऱ्यांत मी पण होते, आणि मी नेहमी त्याच्या आईला विचारलं. मुलगा समोर उभा असायचा आणि मी तिला म्हणायचे, "याला कवायत चालेल का हो?" काळजीपोटीच. पण बारा वर्षांच्या मुलाला एवढं कळलं असतं की आपल्या छातीत काय दुरुस्त केलंय आणि दरवर्षी ते का दाखवायचं. अपूर्णांक शिकवले, हे नाही शिकवलं.

असो. हे लिहायचं कारण, आपल्या घरातही एक चौदा वर्षांची पोर रोज इन्सुलिन घेते. आपण सगळे तिच्या आईला फोन करून विचारतो, साखर किती आहे? यापुढे मी तिलाच फोन करणार आहे. तुम्हीही करा. आणि तिची फाईल तिच्या कपाटात ठेवा.