हाडवैद्य, शर्यतीचा श्वान आणि एक निरुपयोगी मांजर

आयर्लंडच्या वायव्य भागात, स्विली नदीच्या काठच्या उतारावर वसलेले लेटरकेनी हे आज डोनेगल परगण्यातील सर्वांत मोठे गाव असले, तरी त्याचा पूर्वापार लौकिक बाजारपेठेचा आहे. मे आणि नोव्हेंबर या दोन महिन्यांत येथे चाकरीची जत्रा भरे, आणि पश्चिमेकडील खडकाळ, नापीक मुलखातील पोरे सहा महिन्यांच्या बोलीवर पूर्वेकडील सुपीक लागन प्रांतातल्या शेतकऱ्यांकडे राबावयास जात. ज्या गावी १८४५ साली माणसांसाठीच दरिद्राश्रम उघडावा लागला, तेथे मेंढपाळाच्या कुत्र्याचा पाय मोडला असता त्याच्यासाठी द्रव्य खर्च करण्याची कल्पना कोणाच्या मनाला शिवली असेल, हे संभवत नाही. पण हाडवैद्य मात्र होता.

१९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकविद्या मंडळाने प्राथमिक शाळांतील मुलांकडून वाडवडिलांच्या आठवणी वह्यांत उतरवून घेतल्या, त्यांत परगण्यापरगण्यांतून या हाडवैद्यांचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. बहुधा शेती करून पोट भरणारा, विद्या घराण्यातून आलेली, औषधाला रानातली मुळी. आपल्याकडचा कांडवेल लावणारा हाडवैद्य ज्याने पाहिला आहे, त्याला हा गृहस्थ परका वाटणार नाही. बोटांनी चाचपून सरकलेले हाड जागेवर आणावे, लाकडी चिपा लावून पट्टीने आवळावे आणि निसर्गावर सोडावे, एवढीच त्याची शास्त्रसंपदा. परंतु ती माणसाच्या मनगटाला लागू पडे तशीच वासराच्या पायालाही लागू पडे, आणि त्या दोहोंत भेद करण्याचे त्याला प्रयोजन वाटत नसे.

तो भेद केला कायद्याने. १८८१ च्या कायद्याने पशुवैद्य ही पदवी सनदी लोकांपुरती राखीव झाली, डब्लिनचे पशुवैद्यक महाविद्यालय १९०० साली सुरू झाले, आणि स्वतंत्र आयर्लंडने १९३१ साली आपली निराळी नोंदवही घातली. हे सर्व आवश्यक होते, यात शंका नाही. मात्र या नव्या विद्येचे लक्ष घोडा आणि गाय यांवर खिळलेले होते, कारण दाम त्यांना होता. त्यातही घोड्याचा पाय मोडला, तर उपाय बहुतेक वेळा बंदुकीच्या गोळीचाच. घरातल्या लहानग्या कुत्र्याला या विद्येच्या दरबारात आसन मिळाले ते प्रेमापोटी नव्हे, पैजेपोटी, असे माझे मत आहे.

यांत्रिक सशामागे ग्रेहाउंड धावविण्याच्या शर्यती आयर्लंडात १९२७ साली बेलफास्ट आणि डब्लिन येथे सुरू झाल्या. लेटरकेनीहून जेमतेम पंधरा मैलांवरील लिफर्ड येथे १९५९ साली मैदान झाले. ही कुत्री घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, सदैव डावीकडे वळत धावतात, आणि वळणावर त्यांच्या मागच्या उजव्या पायाच्या घोट्याची आतली बाजू दरवेळी दाबली जाते. या पुनरावृत्त ताणाने तेथील एक लहानसे मधले हाड हळूहळू बदलत जाते, आणि मग कोणताही आघात न होता, भर धावेत एके दिवशी पिचते. शर्यत जिंकणारे जनावर त्या क्षणी कवडीमोल ठरते. चिपांनी हा सांधा पूर्ववत होत नाही. म्हणून तुकडे स्क्रूने आवळण्याचे प्रयत्न झाले, आणि १९५८ साली बेटमन नावाच्या पशुवैद्याने तर चुरा झालेल्या त्या हाडाच्या जागी प्लास्टिकचे हाड बसविण्याची युक्ती प्रसिद्ध केली. ज्या काळी खेड्यातल्या माणसालाही कृत्रिम सांधा दुर्लभ होता, त्या काळी कुत्र्याच्या घोट्यात तो बसावा, हा पैजेच्या अर्थशास्त्राचा चमत्कार होय.

त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील काही शल्यवैद्यांनी माणसांच्या अस्थिभंगासाठी धातूच्या पट्ट्या आणि स्क्रू यांची शिस्तबद्ध पद्धती घालून देण्याकरिता मंडळ स्थापिले, आणि १९६९ साली त्या मंडळाची पशुशाखा निघाली. विद्या मात्र एकाच दिशेने वाहत नव्हती. अमेरिकेतील ओटो स्टेडर या पशुवैद्याने १९३० च्या दशकात कुत्र्यांसाठी केलेली, हाडात सळ्या रोवून त्या बाहेरून दांड्याने जोडण्याची रचना न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाने माणसांवर वापरली आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने ती आपल्या खलाशांसाठी स्वीकारली. कायद्याने वेगळे केलेले दोन रोगी पुन्हा एका टेबलाशी आले.

मुंबईची वाट निराळी. तेथे १८३४ साली पांजरपोळ निघाली, १८८३ साली परळास पेटिट कुटुंबाच्या देणगीतून पशुरुग्णालय आणि १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय आले. यांच्या मुळाशी धर्मबुद्धी आणि दातृत्व होते, पैज नव्हती. तथापि दयेने जनावराला आसरा दिला, चारा दिला. हाडात स्क्रू कोठे आणि किती खोल जावा, हे शिकविण्याची निकड तिला वाटली नाही, एवढे कबूल करावेच लागेल.

लिफर्डचे मैदान २०१९ साली बंद पडले. आज लेटरकेनीत मोटारीखाली आलेल्या कुत्र्याचे क्ष-किरणचित्र काढून त्याच्या मांडीच्या हाडाला पट्टी बसविली जाते, तेव्हा तो कुत्रा मेंढ्या हाकतो की शर्यत धावतो, अशी विचारपूस होत नाही. लीश परगण्यातील शेतकऱ्याचा मुलगा, १९९० साली डब्लिनातून पदवी घेतलेला नोएल फिट्झपॅट्रिक, याने २००९ साली इंग्लंडमधील सरे परगण्यात ऑस्कर नावाच्या मांजराच्या दोन्ही मागच्या पायांत धातूच्या खुंट्या रोवल्या. जर्सी बेटावर कापणीच्या यंत्रात सापडून त्याचे पंजे तुटले होते, आणि खुंट्यांची विद्या लंडनच्या विद्यापीठात मुख्यतः अवयव गमावलेल्या माणसांसाठी विकसित झाली होती. ऑस्करने ना कधी मेंढरू हाकले, ना कोणाला पैज जिंकून दिली.