‘लष्करी लक्ष्य’ : हिरोशिमापूर्वीच्या एका शब्दप्रयोगाचा विचार

हिरोशिमा व नागासाकी यांवर टाकलेल्या अणुबाँबच्या नैतिकतेविषयीचा वाद बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत आला आहे : बाँब न टाकता जपान शरण आला असता काय? जपान बहुधा १ नोव्हेंबर १९४५ पूर्वीच शरण आला असता, असा अभिप्राय अमेरिकेच्याच सामरिक बाँबवर्षाव सर्वेक्षणाने १९४६ मध्ये दिला. उलट, जपानवर स्वारी करावी लागली असती तर केवळ अमेरिकी सैन्यातच दहा लाखांहून अधिक हताहत झाले असते असे आपणास सांगण्यात आले होते, असे माजी युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांनी १९४७ च्या फेब्रुवारीत ‘हार्पर्स’ मासिकात लिहिले. हा वाद न घडलेल्या गोष्टीविषयीचा असल्याने कागदपत्रांवरून तो मिटणे कठीण आहे. परंतु निर्णय घेणाऱ्यांनी स्वतःच्या मनाची समजूत कोणत्या शब्दांनी घातली, हे त्याच कागदपत्रांवरून स्पष्ट दिसते. आणि नैतिक विचाराच्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे आहे.

३१ मे १९४५ रोजी स्टिम्सन यांच्या अध्यक्षतेखाली अंतरिम समितीची बैठक झाली. तिच्या इतिवृत्तात दोन गोष्टी लागोपाठ येतात. नागरी वस्तीवर मारा केंद्रित करता येणार नाही, ही पहिली. आणि शत्रूच्या जास्तीत जास्त लोकांच्या मनावर खोल परिणाम झाला पाहिजे, ही दुसरी. या दोहोंचा मेळ जेम्स कॉनंट यांच्या सूचनेने घातला गेला. पुष्कळ कामगार असलेला आणि कामगारांच्या घरांनी निकट वेढलेला एखादा महत्त्वाचा युद्धोपयोगी कारखाना हे सर्वांत इष्ट लक्ष्य ठरले. येथे कारखाना नावापुरता आहे. हवी होती ती घरे. निषेध पहिल्या वाक्यात शाबूत राहिला आणि दुसऱ्यात निरर्थक झाला.

पुढे २५ जुलै रोजी ट्रूमन यांनी आपल्या रोजनिशीत नोंद केली की, स्त्रिया व मुले यांवर नव्हे, तर सैनिक व लष्करी लक्ष्यांवरच हे अस्त्र वापरावे असे आपण स्टिम्सन यांना सांगितले आहे. त्याच तारखेच्या लष्करी आज्ञापत्रात मात्र हिरोशिमा, कोकुरा, निइगाता व नागासाकी अशी चार शहरांची नावे आहेत. कारखान्याचे वा छावणीचे एकही नाही.

ट्रूमन हे जाणूनबुजून असत्य लिहीत होते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. हिरोशिमात दुसऱ्या सार्वत्रिक सेनेचे मुख्यालय होते, ही गोष्ट खरी आहे. पण नेम धरला गेला तो शहराच्या मध्यभागातील आइओइ पुलावर. १९४५ च्या अखेरपर्यंत तेथे सुमारे १,४०,००० माणसे मृत्यू पावली असावीत. त्यांत बहुसंख्य नागरिक होते.

शब्दाची ही झीज अणुबाँबने सुरू केली नाही, हेही सांगितले पाहिजे. ९-१० मार्चच्या रात्री टोकियोवर झालेल्या अग्निवर्षावात सुमारे एक लाख माणसे जळून गेली, तेव्हाही लक्ष्य ‘औद्योगिक’च म्हटले गेले होते. म्हणूनच कदाचित, जेम्स फ्रँक व शिकागोतील त्यांचे सहकारी शास्त्रज्ञ यांनी ११ जूनच्या निवेदनात पूर्वसूचनेवाचून बाँब वापरण्यास विरोध केला, तेव्हा त्यांचा भर नागरिकांच्या हत्येपेक्षा भावी शस्त्रस्पर्धेवर व राष्ट्रांच्या गमावल्या जाणाऱ्या विश्वासावर होता. नागरिकांच्या नावाने केलेला युक्तिवाद ऐकला जाण्याचे दिवस तोवर सरले होते.

९ ऑगस्टच्या भाषणात ट्रूमन यांनी हिरोशिमाचा उल्लेख लष्करी तळ असाच केला. दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळात त्यांनी पुढील अणुबाँब थांबविल्याचे सांगितले. आणखी एक लाख लोक, विशेषतः ती सारी मुले, मारण्याची कल्पना त्यांना असह्य वाटत होती, असे हेन्री वॉलेस यांच्या रोजनिशीवरून कळते. मुले नोंदीत आली ती येथे, आज्ञापत्रात नव्हे.

या शब्दप्रयोगाची न्यायालयीन छाननी पुढे जपानमध्येच झाली. काही आपद्ग्रस्तांनी जपान सरकारविरुद्ध आणलेल्या शिमोदा खटल्यात टोकियो जिल्हा न्यायालयाने ७ डिसेंबर १९६३ रोजी निर्णय दिला की, शहरात लष्करी लक्ष्ये असली तरी अशा अस्त्राचा मारा हा असंरक्षित शहरावरील सरसकट बाँबवर्षावच होय, आणि तो तत्कालीन आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध होता. नुकसानभरपाईची मागणी मात्र न्यायालयाने फेटाळली : आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार व्यक्तीला तसा हक्क नाही, आणि १९५१ च्या सॅन फ्रॅन्सिस्को तहाने जपानने आपल्या नागरिकांचे असे दावे सोडून दिले आहेत.