शाळेची इमारत कोणाची?

भावाभावांची वांटणी झाली म्हणजे शेत, भांडीं, गुरें यांचे हिस्से पाडतां येतात. विहिरीचे पाडतां येत नाहींत. शाळेच्या इमारतीचेंहि तसेंच आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शाळा चालविण्यासाठीं निराळीं शाळाक्षेत्रें असतात. क्षेत्रांतील रहिवासी विश्वस्त निवडतात, जमीनजुमल्यावर कर बसवितात, रोखे काढून इमारत बांधतात आणि तें कर्ज वर्षानुवर्षें फेडीत राहतात. मध्येंच सीमा बदलली कीं, कर भरणाऱ्याचें शेत पलीकडे जातें, शाळा अलीकडे राहते. त्याला कांहीं मिळावयाचें कीं नाहीं?

न्यायालयाचें उत्तर कोरडें होतें. वायोमिंगमध्यें लॅरामी परगण्याचा मुलूख तोडून नवे परगणे केले. जुन्यानें कर्जाचा वांटा त्यांच्याकडे मागितला. १८७५ सालच्या सत्रांत वरिष्ठ न्यायालयानें ठरविलें कीं, कायद्यानें निराळी व्यवस्था केली नसेल, तर मालमत्ता जुन्याचीच आणि कर्जहि त्याचेंच. पुढें शाळाक्षेत्रांनाहि हाच दंडक लागला.

तो जाचक ठरला, म्हणून कित्येक संस्थानांनीं कायद्यानें तोड काढली. इमारत जेथें उभी तेथील क्षेत्राची. मात्र तिची किंमत ठरवून, करपात्र मालमत्तेच्या प्रमाणांत, दुसऱ्या बाजूचा हिस्सा पैशांत चुकवावा. किंमत ठरवितांना एकच इमारत दोन्हीं पक्षांना किती निराळी दिसते, हें सांगावयास नको!

मिशिगनमधील जेरोम गांवीं वाद याहून मूलगामी झाला. १९०१ सालीं विधिमंडळानें खास कायद्यानें जुन्या क्षेत्रांचे भाग जोडून नवें क्षेत्र केलें आणि मालमत्ता व देणें त्याच्याकडे सोंपविलें. संमतीवांचून आमची शाळा घेतली, अशी रहिवाशांची तक्रार. १९०५ सालीं न्यायमूर्ति मॅकेना यांनीं ती फेटाळली. क्षेत्र निर्माण करणारें संस्थानच. त्यानें क्षेत्राशीं कसलाहि करार केलेला नाहीं, असा निकालाचा आशय. कायदा म्हणून तो बिनतोड असेल. पण ज्यांनीं कर भरला, त्यांचें समाधान त्यानें कसें व्हावें?

१९३० नंतर सव्वा लाखांवर असलेलीं क्षेत्रें एकत्र होत होत १९७४ च्या सुमारास सतरा हजारांच्या आंत आलीं. तेव्हां जुनीं दानपत्रें बाहेर निघालीं. इलिनॉयमधील १९४१ सालच्या एका पत्रांत जमीन केवळ शाळेसाठीं, नाहींतर मूळ मालकाकडे परत, अशी अट होती. १९७३ सालीं तेथील वर्ग बंद पडले आणि इमारतींत शाळाखात्याचें सामान ठेवूं लागले. सामान ठेवणें हें शाळेचें काम कीं नाहीं, यावरचा खटला १९८० नंतरहि चालूच होता.