लिलावाचा अंदाज (कबड्डी) : कोल्हापूर

खेळाडूंच्या लिलावाआधी कोणता गडी कोणत्या संघाकडे आणि किती रकमेला जाईल, याचे आडाखे बांधण्याचा उद्योग. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हापासून कोल्हापूर जिल्ह्यात तो हौसेने चालतो. सडोली, शिरोली, इचलकरंजी अशा कबड्डीच्या गावांत लिलावाच्या दिवसांत पारावर आणि चहाच्या गाड्यावर याद्या तयार होतात. त्यांतल्या बऱ्याच दुसऱ्या दिवशी कुणी काढून दाखवत नाही. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः पुरुष चढाईपटूंचा विचार केला आहे. उपलब्ध नोंदी त्यांच्याच आहेत.

ड्राफ्ट आणि लिलाव : तरुण खेळाडू वाटून घेण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. उत्तर अमेरिकेत बर्फावरच्या हॉकीची एनएचएल ही लीग १९६३ पासून ड्राफ्ट घेते. त्यात संघ पाळीपाळीने एकेक नाव उचलतात. आधीच्या हंगामात तळाला राहिलेल्यांना आधी पाळी मिळते आणि १९९५ पासून त्यासाठी सोडतही काढली जाते. तिथल्या जाणकाराला क्रम सांगायचा असतो : पहिला कोण, दहावा कोण. तरीही चुका होतात. १९९३ मध्ये ओटावाने पहिल्या क्रमांकावर घेतलेला अलेक्झांडर डेग अपेक्षेला उतरला नाही. उलट १९९८ मध्ये डेट्रॉइटने थेट १७१ व्या क्रमांकावर घेतलेल्या पावेल दात्स्युकने पुढे दोनदा स्टॅन्ली कप उंचावला.

कबड्डीत लिलाव असतो. इथे क्रमाऐवजी रक्कम सांगावी लागते आणि रक्कम ठरते समोरच्याच्या खिशावर. २०२३ च्या लिलावात प्रत्येक संघाकडे ५ कोटींची थैली होती. खेळाडूंचे चार गट होते आणि त्यांची पायाभूत किंमत अनुक्रमे ३०, २०, १३ व ९ लाख होती. शिवाय आधीच्या संघाला शेवटच्या बोलीइतकी रक्कम देऊन आपला गडी परत घेण्याचा हक्क असतो. त्याच्या कार्डाला एफबीएम म्हणतात. त्यामुळे अंदाज करणाऱ्याला एकाच वेळी तीन गोष्टी पाहाव्या लागतात : थैलीत उरले किती, संघात जागा कोणती रिकामी आहे, आणि जुना मालक कार्ड काढणार की गप्प बसणार. गडी चांगला आहे की नाही हा प्रश्न यानंतर येतो. पारावरच्या याद्या फसतात त्या बहुधा याच ठिकाणी. यादी करणारा गड्याकडे बघत असतो आणि बोली लावणारा आपल्या संघातल्या खिंडाराकडे.

पूर्वपीठिका : पोरगं पारखण्याची विद्या कोल्हापूरला कबड्डीने शिकवलेली नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने इथल्या तालमी वाढल्या आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत वस्ताद नव्या पोराची मान, मनगट आणि दम बघून त्याला ठेवून घेत. मैदानात कुस्ती लावणारे जोड ठरवत आणि हलगी वाजायच्या आधीच कोण कुणाला चितपट करणार यावर पैजा लागत. त्या अंदाजाचा एक गुण असा होता, की निकाल त्याच संध्याकाळी लागे.

निवड आणि गुणवत्ता यांची फारकत दाखवणारे सर्वांत गाजलेले उदाहरणही कुस्तीचेच आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले आणि सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी त्यांचे नाव सुरुवातीला वगळले गेले. त्यामागे गुणदानातला पक्षपात होता असे चरित्रपर लेखनात सांगितले जाते; तसे म्हणणाऱ्यांचा रोख कुणावर होता याची चर्चा इथे करण्याचे कारण नाही. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, फेरचाचणी झाली आणि तीत ते जिंकले. प्रवासखर्चासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर ७ हजार रुपयांना गहाण ठेवले, ही हकिगत कोल्हापुरात आजही सांगतात. हेलसिंकीत खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. निवड समितीचा अंदाज त्या वेळी किती चुकला, हे सांगायला दुसरा आकडा लागत नाही.

सिद्धार्थ देसाई : जिल्ह्यातील लिलाव-अंदाजाचा इतिहास हा बव्हंशी या एका खेळाडूच्या भावाचा इतिहास आहे. चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडी हे त्याचे गाव. तालुका जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे आणि तिथून कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ पडते. जन्म १९९१ चा, शिक्षण भौतिकशास्त्रातील पदवीपर्यंत. भाऊ सूरज हाही चढाईपटू असून तोही प्रो कबड्डीत खेळला. उंची, खांद्यांची ताकद आणि तीन-चार गड्यांची साखळी अंगावर घेऊन मध्यरेषा गाठण्याची सवय यांमुळे प्रेक्षकांनी पुढे त्याला ‘बाहुबली’ म्हटले. तालमीत वाढलेल्या जिल्ह्याला हा खेळ पाहताक्षणी ओळखीचा वाटला. डुबकी मारून निसटणाऱ्या चढाईपटूचे कौतुक इथेही होतेच, पण अंगावर घेऊन जाणाऱ्याचे जरा जास्त होते.

२०१८ च्या मे महिन्यात मुंबईत सहाव्या हंगामाचा लिलाव झाला. त्या दोन दिवसांत सहा खेळाडू १ कोटी किंवा त्याहून अधिक रकमेला गेले. हरियाणा स्टीलर्सने मोनू गोयतला १ कोटी ५१ लाखांना घेतले. राहुल चौधरी, दीपक हुडा, नितीन तोमर, मुंबईचा रिशांक देवाडिगा आणि इराणचा फझल अत्राचली हे बाकीचे पाच. पहिल्या हंगामातल्या सर्वोच्च बोलीशी तुलना केली, तर हा फुगवटा लक्षात येतो. २०१४ मध्ये राकेश कुमार पाटणा पायरेट्सकडे १२ लाख ८० हजारांना गेला होता आणि तेव्हा ती बातमी होती. या कोट्यधीशांच्या गर्दीत यू मुम्बाने लीगमध्ये एकही सामना न खेळलेला सिद्धार्थ ३६ लाख ४० हजारांना घेतला. वय २६. तरुण गड्यांच्या शोधात असलेल्या बाजारात हे वय कोवळे मानत नाहीत.

त्या हंगामात त्याने २१ सामन्यांत चढाईचे २१८ गुण मिळवले. त्याच्या पुढे दोघेच होते : २७१ गुणांचा पवन सेहरावत आणि २३३ गुणांचा प्रदीप नरवाल. पुढच्या लिलावाचा अंदाज करायला आता कुणा जाणकाराची गरज उरली नाही. तो एक कोटी ओलांडणार हे सगळेच सांगत होते, आणि एप्रिल २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले. ती त्या लिलावातली सर्वोच्च बोली ठरली. त्या वर्षी संघाची थैली ४ कोटी ४० लाखांची होती, म्हणजे सुमारे एक तृतीयांश पैसा एका गड्यावर गेला.

सातव्या हंगामात सिद्धार्थने चढाईचे २१७ गुण केले. आधीच्या वर्षापेक्षा एक कमी. भाव चौपट झाला आणि काम तेवढेच राहिले. टायटन्स बारा संघांत अकरावे आले. अंदाज बरोबर, खरेदीही म्हटले तर बरोबर, आणि संघ तरी तळाशी. या प्रकारच्या लेखनात हा तपशील सहसा कुणी मांडत नाही, कारण भाकीत करणाऱ्याचे काम हातोडा पडला की संपते.

पुढचा उतार-चढाव थोडक्यात असा. २०२१ च्या लिलावात टायटन्सने एफबीएम कार्ड वापरून त्याला १ कोटी ३० लाखांना परत घेतले. त्याच लिलावात यूपी योद्धाने प्रदीप नरवालसाठी १ कोटी ६५ लाख मोजले. तो हंगाम बेंगळुरूत बंद दाराआड झाला. दुखापतीमुळे सिद्धार्थ मोजकेच सामने खेळू शकला आणि टायटन्स २२ पैकी एकच सामना जिंकून शेवटचे आले. २०२२ मध्ये त्याचा भाव कोटीच्या पुष्कळ खाली उतरला. तो आता संपला, असे जिल्ह्यातही बोलले जाऊ लागले. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये हरियाणा स्टीलर्सने त्याच्यासाठी पुन्हा १ कोटी मोजले. पाच वर्षांच्या या आलेखावर रेघ ओढून पुढचा बिंदू सांगू पाहणाऱ्याने जपून असावे. दुखावलेल्या गड्याचा भाव त्याच्या अंगातल्या ताकदीवर कमी आणि खरेदीदाराच्या धास्तीवर जास्त ठरतो.

आकडे आणि माती : दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या गड्याचा प्रत्येक स्पर्श मोजला जातो : चढाया किती, यशस्वी किती, तिसऱ्या म्हणजे ‘करो या मरो’ चढाईत किती, अव्वल चढाया किती. चंदगड, राधानगरी, शाहूवाडीकडच्या पोराचे तसे काहीच नसते. त्याचे गुण रात्रीच्या सामन्यात गुणलेखकाच्या वहीत लिहिले जातात आणि बक्षीस वाटून झाले की वही कुठे जाते हे विचारायचे नसते. मातीवरचा खेळ मॅटवर तसाच उतरत नाही, ही दुसरी अडचण. मातीत पाय रोवून पकड करणाऱ्याचा पाय मॅटवर घसरतो, तर बुटांची सवय नसलेला चढाईपटू सुरुवातीला वळतानाच सापडतो. तिसरी अडचण वजनाची. कुमार गटाची मर्यादा ७० किलो. तिथे अंगाने भारी वाटणारा मुलगा खुल्या गटात ८५ किलोंच्या गड्यांपुढे एकदम बारीक दिसू लागतो. म्हणून कुमार गटातली कामगिरी पाहून बांधलेले अंदाज सर्वांत जास्त फसतात.

यावर लीगने काढलेला मार्ग म्हणजे लिलावाबाहेर थेट करारबद्ध केले जाणारे नवे तरुण खेळाडू, लीगच्या भाषेत एनवायपी. त्यांचा भाव मर्यादित असतो, म्हणून पारावर त्यांची चर्चा होत नाही. नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार पुणेरी पलटणमध्ये याच वाटेने आला आणि दहाव्या हंगामात त्या संघाचा कर्णधार झाला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत झालेल्या अंतिम सामन्यात पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवले. हरलेल्या बाजूला त्या हंगामापुरता कोटीचा सिद्धार्थ होता. कोल्हापुरात त्या रात्री कुणाची बाजू घ्यायची यावर घराघरांत दोन तट होते, असे म्हणायला हरकत नाही.

बचावपटू : यांचा अंदाज करणे तुलनेने अवघड. पकडीचे गुण थोडे, आणि कोपरारक्षकाचे निम्मे काम गुणपत्रकात येतच नाही : चढाईपटूला आपल्या बाजूला येऊच न देणे. चढाईच्या आकड्यांवर प्रेम करणाऱ्या लेखकांनी, प्रस्तुत नोंदकर्त्यासह, इकडे दुर्लक्ष केले आहे. मात्र एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. इराणचा महंमदरझा शादलुई हा मुळात बचावाचा गडी. २०२३ मध्ये पुणेरी पलटणने त्याच्यासाठी २ कोटी ३५ लाख मोजले आणि संघ विजेता झाला. २०२४ मध्ये हरियाणा स्टीलर्सने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतले आणि त्या हंगामाचे विजेतेपद हरियाणाकडे गेले.

वयाचे दाखले : याविषयी मतभेद आहेत.

महिला : २०१६ मध्ये प्रो कबड्डीबरोबर महिलांच्या तीन संघांची स्पर्धा झाली, ती पुढे चालू राहिली नाही.

इतर खेळ : कोल्हापुरात फुटबॉलच्या हंगामाआधी केएसएकडे, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे, खेळाडूंची नोंदणी होते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी, बालगोपाल यांपैकी कोणत्या तालमीने कुणाला ओढले यावर पेठापेठांत पैजा लागतात. इथे लिलाव नाही, थैलीची मर्यादा नाही आणि आकडे जाहीर होत नाहीत. त्यामुळे ऐकीव माहितीवर बांधलेला अंदाज कधीच पूर्ण चुकत नाही. इंडियन सुपर लीगने मात्र २३ जुलै २०१७ रोजी मुंबईत खरोखरीचा ड्राफ्ट घेतला. यादीत २०५ खेळाडू, १५ फेऱ्या, आणि जमशेदपूरने पहिले नाव घेतले ते बचावपटू अनस एडथोडिका याचे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पुढे तोही जमशेदपूरकडे गेला, पण ड्राफ्टच्या वाटेने नव्हे.

क्रिकेटमध्ये शेजारच्या सांगलीची स्मृती मानधना हिचे नाव फेब्रुवारी २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगच्या लिलावात पहिलेच पुकारले गेले आणि बेंगळुरूने तिला ३ कोटी ४० लाखांना घेतले. तो अंदाज करायला फारसे डोके लागले नसावे. रक्कम मात्र अनेकांच्या यादीत कमी धरलेली होती.

हॉकी : शहरात मेजर ध्यानचंद यांच्या नावाचे मैदान आहे. हॉकी इंडिया लीगच्या २०२४ च्या लिलावात सर्वोच्च बोली हरमनप्रीत सिंगसाठी लागली, ७८ लाख.