श्रेणी (प्राचीन व्यावसायिक संघ)

प्राचीन भारतात एकच व्यवसाय करणाऱ्या लोकांच्या संघास श्रेणी म्हणत. विणकर, तेली, कासार, धान्याचे व्यापारी आपापल्या श्रेणीत एकत्र येत. जातककथांत १८ श्रेणींचा उल्लेख असून प्रमुखास ज्येष्ठक म्हटले आहे. श्रेणी धंद्याचे हित जपत असे. परंतु धंद्यानिमित्त जवळ आलेली माणसे तिच्यामुळे एकमेकांच्या आणि गावाच्या सुखदुःखाची वाटेकरी झाली, यात तिचे मोठेपण आहे.

कारभार : श्रेणीचे नियम सभासद आपसांत ठरवत आणि ते मोडणे स्मृतिकारांनी दंडनीय मानले. सभासदांचे तंटे श्रेणीतच मिटवण्याचा अधिकार तिला होता. याज्ञवल्क्यस्मृतीत न्यायसभांच्या उतरंडीत श्रेणीचे स्थान कुलाच्या (नातेवाइकांच्या गटाच्या) वर आणि पूगाच्या (एका गावातील लोकांच्या संघाच्या) खाली आहे. बृहस्पतिस्मृतीनुसार कामकाज पाहण्यासाठी दोन, तीन किंवा पाच कार्यचिंतक नेमावेत. सभागृह, पाणपोई, देऊळ, तळे व बाग यांची डागडुजी आणि अनाथ-दरिद्री लोकांचे संस्कार या गोष्टीही समूहाने करारात घालाव्यात, असे तीच स्मृती सांगते. लोकोपयोगी काम हे मर्जीचे दान न राहता सर्वांनी मिळून पत्करलेली जबाबदारी ठरले.

ठेवी व लोकविश्वास : नाशिकच्या पांडवलेण्यांतील लेणे क्र. १० मध्ये क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याचा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायमचे ठेवले : एकीकडे २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नव्हते. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते. त्यातून लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातील मुक्काम) करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२ कार्षापण मिळावेत, अशी योजना होती. हा व्यवहार निगमसभेत (नगरसभेत) जाहीर करून फलकावर नोंदवला गेला. राजघराण्यातील दात्याने पिढ्यान्‌पिढ्या चालायचे दान मागावर बसणाऱ्यांच्या हाती सोपवावे, एवढी त्यांची पत होती. आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता या उपासिकेनेही आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी नाशिकच्या श्रेणींकडे रकमा ठेवल्या. त्यांत तेल गाळणाऱ्यांची श्रेणी होती. जुन्नरला धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके स्वतः दान दिले.

स्थलांतरातील आधार : मंदसोरचा शिलालेख श्रेणीच्या आयुष्याचे सर्वांत जिवंत चित्र देतो. त्याची रचना वत्सभट्टी या कवीची आहे. लाट देशातील (दक्षिण गुजरात) रेशीम विणकर मुलाबाळांसह दशपुरास, म्हणजे आजच्या मंदसोरला, येऊन स्थायिक झाले. काहींनी विणकाम चालू ठेवले. काही धनुर्विद्येकडे, काही कथाकथनाकडे, तर काही ज्योतिषाकडे वळले. तरीही श्रेणी फुटली नाही. मालव संवत् ४९३ (इ. स. ४३६–३७) मध्ये तिने सूर्यमंदिर बांधले आणि पुढे त्याची पडझड झाल्यावर संवत् ५२९ (इ. स. ४७३–७४) मध्ये जीर्णोद्धारही तिनेच केला. परक्या मुलखात आलेल्या या कुटुंबांना उभे राहायला आधार श्रेणीने दिला आणि नव्या गावाशी त्यांचे नातेही तिनेच जोडले. व्यवसायातून जुळलेली ही नाती व्यवसाय बदलल्यानंतरही टिकली.